आज माईक चालू केला

द्राक्षबागायतदारांच्या आजच्या ऑनलाइन चर्चेत चाळीसेक जण होते. बोलणारी बाई मी एकटीच. घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, हे आम्ही बायका करतो, पानामागचा केवडा रोगाचा पांढरा थर आधी आम्हालाच दिसतो. पण फोन नवऱ्याचा, स्क्रीनवर नाव त्याचं, सातबाराही बहुतेक त्याचाच.

फुलोऱ्यात पाऊस झाला तर फवारणी कधी घ्यायची, असा विषय निघाला. पानं किती तास ओली राहिली, त्याच्या माझ्या वहीतल्या नोंदी मी वाचायला लागले. मध्येच एकानं विचारलं, "दादा नाहीत का घरी?"

"आहेत. पण वही मी लिहिते," म्हटलं आणि पुढं वाचत राहिले. हात कापत होते, खरं सांगते.

रात्री निफाडकडच्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्याकडे सहा वर्षांच्या छाटणीच्या तारखा लिहिलेल्या आहेत. आजवर कुणी विचारल्याच नव्हत्या.