तुम्ही विचारलंत म्हणून: विचारल्यावर चेहरा बदलतो, मग?

माझ्या फोटोंमध्ये म्हाताऱ्या माणसांचे चेहरे पुष्कळ आहेत आणि त्यातली बहुतेक माणसं माझ्या ओळखीची नव्हती. त्यामुळे एक प्रश्न मला वरचेवर येतो. परवा एका तरुण मुलीने तो अगदी नेमक्या शब्दांत विचारला : ‘‘तुम्ही आधी परवानगी घ्या म्हणता. पण विचारलं की माणूस सावरून बसतो. ज्या भावासाठी आपण थांबलो, तोच जातो. मग विचारायचं कशाला?’’

तिचं म्हणणं खरं आहे. तो भाव जातो आणि बहुतेक वेळा परत येत नाही. हे मान्य करूनही मी विचारतो. का, ते सांगायचं तर आधी एका फोटोबद्दल बोलावं लागेल. तो मी आता कुणाला दाखवत नाही.

एका बागेत बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. कलतं ऊन, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर कुठेतरी लांब. माझ्याकडे लांब पल्ल्याची लेन्स होती. झाडाआडून सात-आठ फोटो काढले आणि निघून आलो. घरी त्यातला एक निवडला. बाकाच्या टोकाला एक कापडी पिशवी दिसत होती, ती डोळ्यांना खुपत होती. मी चौकट कापली, पिशवी गेली. फोटो कृष्णधवल केला, सुरकुत्या उठून दिसतील इतका कॉन्ट्रास्ट चढवला आणि खाली नाव लिहिलं : ‘एकाकी’. एका छोट्या प्रदर्शनात तो लागला. लोक त्याच्यासमोर थांबत होते. एक बाई तर डोळे पुसत गेल्या.

तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ स्वतःच आले. कुणीतरी त्यांना कळवलं होतं. फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘मी एकटा नव्हतो हो. ही पाणी प्यायला गेली होती. तिची पिशवी इथे होती, माझ्या शेजारी.’’ आणि त्यांनी बोटाने जागा दाखवली. ते बोट चौकटीच्या बाहेर, भिंतीवर टेकलं होतं.

ते रागावले नव्हते. फोटो राहू द्या, नाव तेवढं काढा, इतकंच म्हणाले. मी दोन्ही काढलं.

लपून फोटो काढण्याच्या बाजूने बोलणारी माणसं किरकोळ नाहीत, हे मला ठाऊक आहे. वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले, तेव्हा कॅमेरा कोटाखाली होता आणि लेन्स बटणांच्या मधून डोकावत होती. कुणी पाहत नाही असं वाटलं की माणसाचा मुखवटा गळतो, असं त्याला वाटे. ते फोटो विलक्षण आहेत, त्यांच्यापुढे मीही तासन् तास बसलो आहे. पण त्याने ते लगेच छापले नाहीत हेही तितकंच महत्त्वाचं. पुस्तक आलं १९६६ मध्ये, पंचवीस वर्षांनी. पुढे फिलिप-लोर्का डिकोर्सिया या दुसऱ्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९९९ ते २००१ दरम्यान त्याच शहरात, टाइम्स स्क्वेअरमध्ये, लपवलेल्या फ्लॅशच्या उजेडात ये-जा करणाऱ्यांचे चेहरे दुरून टिपले. त्यात एक वृद्ध, धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थ होते. आपली प्रतिमा अशी वापरणं आपल्या श्रद्धेला धरून नाही, म्हणून ते कोर्टात गेले. २००६ मध्ये कोर्टाने निकाल छायाचित्रकाराच्या बाजूने दिला : ही कला आहे आणि कलेला स्वातंत्र्य आहे.

कायद्याने तो निकाल बरोबर असेल. मला मात्र त्या ज्यू गृहस्थांचा चेहरा आठवला की बागेतल्या गृहस्थांचं ‘तिची पिशवी इथे होती’ हेच ऐकू येतं. न विचारता काढलेल्या फोटोत माणसाचा खरा चेहरा मिळतो, असं आपण समजतो. मिळतो तो आपल्या मनातल्या गोष्टीला साजेसा चेहरा. आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत आपल्या मनात गोष्ट आधीच तयार असते. एकटेपण, थकवा, वाट पाहणं, फार तर शहाणपण. या चार खणांत कुणीही बसतं. पंचविशीतला मुलगा बाकावर लांब पाहत बसला, तर आपण त्याला ‘एकाकी’ म्हणत नाही. तो नुसता बसलेला असतो.

आता सावरून बसण्याबद्दल. ऑगस्ट सँडर या जर्मन छायाचित्रकाराचे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले फोटो पाहा. शेतकरी, आचारी, विधवा, गवंडी, सगळे समोर उभे, लेन्समध्ये पाहणारे, आपापल्या कपड्यांत, आपल्याला हवे तसे. एकही बेसावध नाही. आणि त्यांच्याइतकी ठाम, जिवंत माणसं मी फार थोड्या फोटोंत पाहिली आहेत. माणूस स्वतःला कसं उभं करतो, कॉलर नीट करतो की नाही, हात कुठे ठेवतो, हनुवटी किती वर घेतो, हे सगळं त्याचंच आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाने ते ऐंशी वर्षांत घडवलेलं असतं. त्याला मुखवटा म्हणून बाजूला सारण्याचा मला काय अधिकार?

एकदा एका आजींनी हो म्हटल्यावर ‘थांब’ म्हणून पिशवीतून कंगवा काढला, केस विंचरले, मग चष्म्याची काच पुसली आणि म्हणाल्या, ‘‘हं, आता.’’ त्या ‘हं, आता’चा फोटो माझ्या सगळ्यात आवडत्या फोटोंपैकी आहे.

विचारायचं कसं, हे मात्र शिकावं लागतं. मी समोरून जातो. मागून किंवा बाजूने अचानक आवाज आला की वृद्ध माणूस दचकतो. कॅमेरा खाली लटकता असतो, पण दिसेल असा. आवाज खालच्या पट्टीत आणि संथ. वयाबरोबर आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे ओरडून, आवाज चढवून बोललं की शब्द आणखी हरवतात. ‘आजोबा’ ही हाक मी आपण होऊन मारत नाही. काहींना ती गोड वाटते, काहींना आपल्याला म्हातारपणाच्या रांगेत नेऊन बसवल्यासारखी. ‘काका’ किंवा नुसतं ‘नमस्कार’ पुरतं.

जवळजवळ सगळे एकच विचारतात : ‘‘माझा? कशाला?’’

या प्रश्नाचं उत्तर खरं आणि नेमकं असलं पाहिजे. ‘तुमचा चेहरा छान आहे’ हे कुणी खरं मानत नाही. ‘तुमच्या सुरकुत्या’ हा शब्द तर तोंडातून निघताच कामा नये. मी जे पाहिलं ते सांगतो : ‘‘वाचताना तुम्ही ओळीखालून बोट फिरवत होता, ते मला आवडलं.’’ असं नेमकं काही सांगता येत नसेल, तर मी तिथे थांबलो होतो तो फक्त त्यांच्या वयासाठी. मग मी विचारतच नाही, पुढे जातो. फोटो कुठे लावणार हेही आधीच सांगतो. ‘नको’ म्हणाले, तर एकदाच विचारलेलं पुरे. गळ घालायची नाही आणि वळल्यावर दुरून काढायचा तर मुळीच नाही.

एक गोष्ट मी फार जपतो. बोलताना मधेच धागा सुटतोय, तोच प्रश्न पुन्हा येतोय असं वाटलं, तर त्यांचा होकार मी होकार धरत नाही. सोबत कुणी असेल तर त्यांना विचारतो. नसेल तर गप्पा मारतो आणि कॅमेरा पिशवीत घालतो. स्मृतिभ्रंश झालेला माणूस हसून हो म्हणेल, पण आपण कशाला हो म्हटलं हे त्याच्या हाती राहिलेलं नसतं.

होकार मिळाल्यावर वेळ फार नसतो. पाच मिनिटं, फार तर दहा. ती सेटिंग्जशी खेळण्यात घालवायची नाहीत, म्हणून उजेड मी आधीच पाहून ठेवतो. म्हाताऱ्या डोळ्यांचा प्रश्न वेगळा असतो. खोबण्या खोल गेलेल्या, वरची पापणी उतरलेली, बाहुलीही वयाबरोबर लहान झालेली. डोक्यावरच्या उन्हात अशा चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात आणि मग पाहणारा म्हणतो, किती उदास! उदास माणूस नसतो, उजेड चुकीचा असतो. सावलीच्या कडेला, चेहरा मोकळ्या आभाळाकडे करून बसवलं की डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका उतरतो. मांडीवर वर्तमानपत्र उघडं असेल तर उत्तमच, त्याचा पांढरा उजेड खालून हनुवटीवर आणि पापण्यांखाली जातो. फ्लॅश मी वापरत नाही. त्या झगझगाटातून सावरायला वयस्क डोळ्यांना जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्यांना माझा चेहरा दिसत नाही.

मी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो, म्हणजे ते बसलेले असतील तर गुडघा टेकतो. अंतर दीड-दोन मीटर, लेन्स ८५ मिलिमीटर, ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र, एफ/४. त्याहून उघडं केलं तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर, असं होतं. मोबाईल असेल तर जवळ जाऊ नका. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दोष अंतराचा असतो. दोन पावलं मागे या आणि दुप्पट झूम वापरा.

चष्मा काढायला सांगू नका. चाळीस वर्षं चष्मा लावलेल्या माणसाचा बिनचष्म्याचा चेहरा त्याला स्वतःलाही परका असतो, शिवाय तुम्ही त्याला अंधुक दिसता. काचेवर आभाळ चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली, किंवा चष्म्याच्या काड्या कानावरून केसभर वर. काच खाली झुकते आणि चमक निघून जाते.

सुरकुत्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण मोह तिथेच आहे. जुन्या काळच्या प्लेट्स आणि फिल्म्सना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे त्वचेतली लाली, डाग, शिरा गडद उतरत. आज रंगीत फोटो कृष्णधवल करताना निळ्या रंगाला वजन दिलं, बाजूने कडक उजेड घेतला आणि संगणकावर बारीक रेषा ठळक करणारी ‘क्लॅरिटी’ची पट्टी उजवीकडे ओढली, की सत्तरीची बाई शंभरीची दिसते. लोक ‘काय चेहरा आहे!’ म्हणतात. तो चेहरा त्या पट्टीचा असतो. मी हे वर्षानुवर्षं केलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो. उलट टोकाला मोबाईल आपण होऊन त्वचा पुसून गुळगुळीत करतो, तेही तितकंच खोटं. माझी कसोटी साधी आहे. फोटो तिथल्या तिथे त्यांना दाखवायची वेळ आली तर माझा हात अडखळेल का? अडखळणार असेल, तर पट्टी मागे.

आणि दाखवायचा तर कागदावर. मी प्रिंट करून नेऊन देतो. पडद्यावरचा फोटो त्यांना बोटांनी मोठा-लहान करता येत नाही, चुकून निघून जातो. कागद हातात राहतो, मागे तारीख लिहिता येते. परत जाऊन देणं जमणार नसेल, तर देईन असं म्हणत नाही.

त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, ‘‘मग त्या बागेतल्या काकांचं पुढे काय झालं?’’

प्रदर्शन संपल्यावर काही आठवड्यांनी मी त्याच बागेत गेलो. दोघंही होते. मी विचारलं, तुमचा एक फोटो काढू का, या वेळी सांगून. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, ‘‘त्यांचा काढा. माझा नको, मला नाही आवडत.’’ त्या उठल्या आणि माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. काकांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग बाकावरची कापडी पिशवी हाताने ओढून जवळ घेतली, अगदी मांडीला लागून, आणि तिच्या बंदावर हात ठेवला.

मी तीन फोटो काढले. तिन्हींत त्यांची नजर लेन्सच्या जराशी वर आहे, माझ्या डाव्या खांद्यावरून मागे.