तिसरा मजला, लिफ्ट नाही

शेवटी आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली एकदाची. कोथरूडमधली १९८६ ची बिल्डिंग, तीन मजले, २४ फ्लॅट. बारा वर्षं नुसत्या मीटिंगा आणि चहा, आणि मग एकदम बिल्डरचं पत्र की दोन महिन्यांत जागा रिकामी करून द्या. भाड्याने मिळालेला फ्लॅट आमच्या हॉलपेक्षा जरासाच मोठा, त्यामुळे निम्मं सामान काढायचंच होतं. लेक म्हणाली, आई फोटो काढून ऑनलाइन टाक, दोन दिवसांत जाईल सगळं.

आता ह्यात एक गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नाही, ती म्हणजे २४ घरं एकाच महिन्यात तेच सामान विकायला बसली होती. मी अ‍ॅपवर आमचा एरिया टाकून दिवाण शोधला तर वरचे सहाच्या सहा दिवाण आमच्याच बिल्डिंगचे, मागच्या भिंतीचा पिस्ता कलरसुद्धा तोच कारण पेंटर सगळ्यांचा एकच. एक मुलगा आमचा दिवाण बघायला येतो म्हणाला, खाली गाडी लावली, मी चहाचं आधण ठेवलं, आणि पंधरा मिनिटं झाली तरी बेल वाजेना. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला जिन्यातच गाठलं होतं. त्यांचा दिवाण पाचशेने स्वस्त आणि एक मजला खाली, संपला विषय. बोलतो आम्ही अजून एकमेकींशी, पण मी त्यांना विरजण दिलेलं नाही त्यानंतर.

तर मजला. मी जाहिरातीत लाकूड, माप, कधी घेतलं, पॉलिश कधी केलं सगळं लिहिलं होतं, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न काय तर "लिफ्ट आहे का?" आधी राग यायचा, मग हिशोब कळला. छोटा हत्ती आणि दोन हमाल, जिना असला की हमाल मजल्याप्रमाणे वेगळे पैसे लावतात, म्हणजे तीन हजाराच्या दिवाणाला न्यायलाच दोन हजार. घेणारा ते माझ्याच किमतीतून वजा करणार ना, दुसरं कुठून करेल? मग मीच हमालाशी बोलून "खाली टेम्पोत चढवून देऊ" असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी दिवाण गेला. हमालाला माझेच सातशे गेले ते सोडा.

मेसेजेसचं काय सांगू. "अजून आहे का?" आहे म्हटलं की गप्प. "लास्ट प्राइस?" हा नुसता प्रश्न, बघायला येणं नाही, नमस्कार नाही. एकाने डायनिंग टेबलच्या सहा खुर्च्यांपैकी चारच मागितल्या. माझा नवरा म्हणे देऊन टाक, अरे पण उरलेल्या दोन घेऊन मी काय करू, भोंडला?

एकच माणूस असा भेटला की त्याने एक रुपया कमी करायला सांगितलं नाही. सोफा साडेसात हजार टाकला होता, म्हणाला ठीक है मॅडम, डन. आर्मीत आहे, पुण्याला बदली झालीय, गाडी येऊन घेऊन जाईल, अ‍ॅडव्हान्स आत्ता पाठवतो. युनिफॉर्ममधल्या फोटोचं आयकार्ड पण पाठवलं, मी न मागता. मला तिथेच कसंतरी झालं, जुना सोफा न बघता, घासाघीस न करता घेणारा माणूस असतो कुठे? मग व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड आला, हा स्कॅन करा आणि पिन टाका की पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. अहो, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे आपल्या खात्यातून बाहेर जाताना, नाहीतर बॅलन्स बघताना, पैसे घेताना कधीच नाही, बास. मी फोन ठेवला, पण तळमजल्यावरच्या काकांनी आदल्याच आठवड्यात कपाटापायी अशाच एका "साहेबां"ना अठरा हजार दिले होते, दोन वेळा पिन टाकून, कारण पहिल्यांदा "चुकून उलटं झालं, परत करतो" म्हणाला. लाजेपोटी दोन दिवस घरात पण बोलले नाहीत. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन केला असता तर पुढे सरकायच्या आत पैसे अडवता आले असते कदाचित, दोन दिवसांनी काय उपयोग.

सगळ्यात मनस्ताप दिला तो वॉल युनिटने. २०११ मध्ये ६२ हजार घातले होते त्यात, काचेची दारं, आत लाइट, पाहुणे आले की लाइट लावायचा. सुताराने ते हॉलमध्येच बनवलं होतं, आठ फूट रुंद, आणि दारातून बाहेर कसं जाईल हा विचार तेव्हा ना त्याने केला ना आम्ही. सुटं करायचं तर आतला बोर्ड भुशाचा, लाकडाचा भुसा चिकटवून दाबलेला, त्यातला स्क्रू एकदा काढला की भोक खिळखिळं होतं आणि परत धरत नाही. पंधरा हजार टाकले, मग आठ, मग दोन, मग "फुकट घेऊन जा". फुकट म्हटल्यावर एकाने विचारलं, घरपोच द्याल का. शेवटी भंगारवाला आला, काचा आणि बिजागऱ्या काढून घेतल्या आणि उरलेलं न्यायचे माझ्याकडूनच ५०० घेतले. "काकू, भुसा आहे हो नुसता," म्हणाला, वर दोनदा ठोकून दाखवलं.

आणि सासूबाईंचं गोदरेजचं कपाट, १९७४ चं, हिरवट राखाडी, आरशाचा पारा उडालेला, ते मी लाजत लाजत टाकलं होतं. फोटो पण एकच. चाळीस मिनिटांत अकरा मेसेज! सगळ्यांचं एकच, ओरिजिनल गोदरेज की गोदरेज टाइप? संध्याकाळी सिंहगड रोडवरून एक जोडपं आलं, त्या मुलीने हॅंडल फिरवलं, दार उघडलं, परत लावलं, तो खट् आवाज ऐकला आणि नवऱ्याकडे बघितलं. साडेसहा हजार, रोख. तेच दोघं आणि त्यांचा एक मित्र, तिघांनीच तीन मजले उतरवलं, जिन्याच्या वळणावर "तुझ्याकडून, तुझ्याकडून" करत. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या, म्हणाल्या माझ्या लग्नात चौघं लागले होते.

काल त्या मुलीचा मेसेज आला, काकू, आतल्या लॉकरची चावी राहिली का तुमच्याकडे? राहिलीय. देवघराच्या सामानाच्या खोक्यात टाकली होती एवढं आठवतंय, आणि सगळी खोकी अजून बंद आहेत, आणि एकावरही मी नाव लिहिलेलं नाही.