‘उद्यापासून एक थेंबही नाही’

दारूने संसार मोडतो हे सगळेच सांगतात. संसार मोडल्यावर दारू जडते, त्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. स्वीडनमधल्या ९ लाखांहून जास्त विवाहितांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१७ साली आला. त्यात घटस्फोटानंतर पहिल्यांदाच व्यसन जडण्याचा धोका पुरुषांत साधारण ६ पट, स्त्रियांत ७ पट निघाला. म्हणजे ‘सुटका झाली की सुधारेल’ या आशेवर घटस्फोट घेऊ नये. घ्यायचा तर स्वतःसाठी घ्यावा.

घरात बहुतेकदा निर्वाणीचा इशारा दिला जातो: उद्यापासून एक थेंबही नाही, नाहीतर मी चालले. रोज पिणाऱ्याने खरंच एकदम थांबवली तर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसू शकतात. यात जीवही जाऊ शकतो. सकाळी हात स्थिर करायला घोट लागत असेल किंवा आधी कधी फिट आली असेल, तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. इशारा द्यायचाच तर ‘या आठवड्यात डॉक्टरांकडे चल’ असा द्यावा. आणि तो दोघंही शुद्धीत असताना. रात्रीच्या भांडणातलं सकाळी त्याला आठवतही नसतं.

दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती डायसल्फिरामची गोळी गुपचूप आमटीत कालवण्याचा प्रकार तर सरळ धोक्याचा. वर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याने स्वतःच्या हाताने, जोडीदारासमोर घ्यायची. जोडप्यांच्या उपचारात यालाच जोडून रोजचा करार असतो. ठरलेल्या वेळी एकाने म्हणायचं, ‘काल घेतली नाही, आज घेणार नाही.’ दुसऱ्याने म्हणायचं, ‘ऐकलं, बरं वाटलं.’ कॅलेंडरवर खूण करायची. जुनी उणीदुणी आणि ‘पुढे काय करशील’ हे दोन्ही त्या पाच मिनिटांत वर्ज्य. करार फसतो तो बहुधा इथेच. ‘ऐकलं’च्या पाठोपाठ ‘पण मागच्या दिवाळीला...’ निघतं.

दारू सुटल्यावरही जोडीदाराचं तोंडाचा वास घेणं, बॅगा उचकणं चालूच राहतं. शिवाय इतकी वर्षं पैसे, मुलांची शाळा, पाहुणे हे सगळं जोडीदाराने एकट्याने सांभाळलेलं असतं. आता शुद्धीत आलेला माणूस त्यात हक्क मागतो. त्यामुळे न पिण्याच्या पहिल्या वर्षातही भांडणं होतात. हिशोबाची वही एकदम न सोपवता आधी एखादं बिल, मग दुसरं, असं सोपवावं.

हात उचलला जात असेल तर मात्र करार, समुपदेशन सगळं नंतर. आधी कागदपत्रं, थोडे पैसे आणि किल्ली दुसऱ्या घरी ठेवावी.