आजोबांच्या ३१५ चा दस्ता: लाकूड की फायबर, अपडेट दुसरा

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रायफल आजोबांची, पॉइंट ३१५ बोअरची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली, लायसन्स आजोबांकडून बाबांकडं आणि आता माझ्या नावावर. घेतली होती शिकारीलाच, खरं १९७२ च्या कायद्यानंतर ते सगळं बंद, आता ती वर्षातून चार-पाच वेळा रेंजवर कागद फाडते आणि बाकी वेळ कपाटात असते. आणि आमचं कपाट आहे बेळगावजवळ जांबोटीकडं, पावसाच्या पट्ट्यात, म्हंजे जून ते सप्टेंबर चामड्याच्या पट्ट्याला पांढरी बुरशी, भिंतीला ओल, उशीला वास. तिथं अक्रोडाच्या दस्त्यानं, म्हंजे नळीखालच्या आणि खांद्याला टेकणाऱ्या लाकडानं, काय करावं?

एप्रिलमध्ये शंभर मीटरवर तळहातात मावेल असा ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा घोळका) होता, ऑगस्टमध्ये तेच काडतूस, तोच माणूस, आणि सगळे नेम चार इंच वर-उजवीकडं. मी आधी साईटला शिव्या घातल्या. मग नळी आणि पुढच्या लाकडाच्या मधून शंभराची नोट सरकवून बघितली, एप्रिलमध्ये आरामात जात होती ती आता अर्ध्यातच अडकली. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, आडवं फुगतं, आणि आडवं फुगलं की नळीला एका बाजूनं ढोसतं. बाबा म्हणाले, चुलीवरच्या माळ्यावर टांग आठ दिवस, वाळंल. अजिबात करू नका हे, झटकन वाळलं की चिरतं.

मग डोक्यात आलं सिंथेटिक टाकू, स्वस्तातलं. महिनाभर रात्री तेच बघत बसलोय, बायको म्हणती एवढं बघून आमचं लग्नपण ठरलं नव्हतं. तर कळलं ते असं. स्वस्तातलं सिंथेटिक म्हंजे साच्यात ओतलेलं प्लॅस्टिक, काचेचे धागे मिसळलेलं नायलॉन नाहीतर नुसतं पॉलिप्रॉपिलिन. पाण्याला ते भीत नाही, खरं आतून पोकळ, टिचकी मारली की घागरीसारखं वाजतं, आणि पुढचा भाग हातानं दाबला की वाकून नळीला टेकतो. म्हंजे फुगण्याऐवजी वाकणं, रोग तोच. त्यावरचं मॅकमिलन वगैरे कंपन्यांचं हातानं थर लावलेलं फायबरग्लास, ते कडक, खरं त्याच्या किमतीत आमच्याकडं सेकंडहँड बाईक येते. प्लॅस्टिकला नावं ठेवायची नाहीत मला, रेमिंग्टननं १९५९ मध्ये नायलॉनच्या दस्त्याची नायलॉन ६६ रायफल काढली ती दहा लाखांच्या वर खपली. खरं ती पॉइंट २२ ची, बारक्या काडतुसाची होती, धक्का किती तिला.

अमेरिकेतल्या एटीआय कंपनीचा ली-एनफिल्डसाठी (जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) मॉन्टे कार्लो, म्हंजे गालाशी उंचवटा असलेला, स्टॉक बघितला, आमची ३१५ त्याच अ‍ॅक्शनवरची (बोल्ट-घोड्याची यंत्रणा), म्हणून जीव त्यात अडकला. दोन अडचणी. तो लष्करी रायफलीच्या मापाचा, आमची नळी वेगळी, घासत बसावं लागणार. आणि दुसरं म्हंजे १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये हत्याराचे सुटे भागपण हत्यारातच धरलेत, कस्टममध्ये पार्सल अडकवून लायसन्स धोक्यात घालायची हौस नाही मला. उद्यमबागेत एका ओळखीच्या फायबरवाल्याकडं साचा काढायचापण विचार होता, तोही ह्याच कारणानं सोडला. जे करायचं ते लायसन्सवाल्या दुकानातल्या मिस्त्रीमामांकडं, पावती घेऊन.

मामांच्याकडं गेलो तर मामांनी आधी मलाच झापलं. मी घरी मागचा दस्ता काढायचा प्रयत्न केलेला, बटप्लेटमधून (खांद्याकडच्या टोकाची पट्टी) लांब स्क्रूड्रायव्हर घालून.

"बोल्ट फिरवलास काय रे?"
"अर्धा आटा, मामा."
"बस्स कर. आधी पुढचं लाकूड काढायचं, मग मागच्या बोल्टला हात. उलट केलास तर पुढचं लाकूड फाटतंय बघ."

कारण असं की ह्या जुन्या अ‍ॅक्शनमध्ये मागच्या बोल्टचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत बसतं, बोल्ट सुटू नये म्हणून. तुम्ही बोल्ट फिरवला की ते टोक लाकडालाच पिळतं. माझं थोडक्यात वाचलं, एक केसाएवढी चीर आहे, ती एपॉक्सीनं भरली. ज्यांच्या घरात अशी जुनी रायफल आहे त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा.

आणि तिथंच माझं डोकं उघडलं. हिचा स्टॉक दोन तुकड्यांचा. नेम बिघडवतो पुढचा तुकडा, पाण्यात-चिखलात मार खातो मागचा. मग दोन्ही प्लॅस्टिक कशाला? मामांकडं एक देशी फायबरचा भरीव दस्ता पडून होता, साडेतीन हजाराला दिला. माप महत्त्वाचं हं, ली-एनफिल्डचे दस्ते शॉर्ट, नॉर्मल, लाँग असे अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकानं यायचे, आजोबा उंच, त्यांचा लाँग होता आणि मी बारा वर्षं मान ताणून नेम धरत होतो! आता नॉर्मल बसवलाय. अ‍ॅक्शनच्या मागच्या सॉकेटमध्ये तो थोडा सैल होता, मामांनी एपॉक्सीचा पातळ थर देऊन, धातूला मेण लावून, घट्ट बसवून घेतला. इथं ढिला राहिला तर सगळं फुकट.

पुढचं लाकूड तेच ठेवलं. तीन आठवडे पंख्याच्या खोलीत सावलीत वाळवलं, जिथं धक्का बसतो तिथं एपॉक्सीचं बेडिंग, म्हंजे धातू नीट टेकायला कडक थर (ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्यावाले मऊ लाकडाला तिथं तांब्याच्या पट्ट्या लावायचे, तीच गोष्ट), नळीची खाच जराशी मोकळी केली, आणि आतून, खास करून टोकाच्या उघड्या रेषांना, जवसाच्या तेलाचे पाच हात. बाहेरून चकाचक आणि आतून कोरडं लाकूड हीच सगळ्यांची चूक असते, माझीपण होती.

दिसायला? मागं काळं, पुढं तपकिरी, बाबा म्हणाले म्हशीला गाईचं तोंड लावलंय. वजन शंभरेक ग्रॅम कमी झालं, त्यामुळं धक्का थोडा जास्त जाणवतो, रबरी पॅड बघतोय. परवा रेंजवर दहा काडतुसं, ग्रुप परत तळहातात आला. नोटपण शेवटपर्यंत सरकते. खरं हे सगळं डिसेंबरचं, कोरड्या हवेतलं. जुलैत परत नोट घालून बघतो आणि सांगतो. तोवर कुणी हलक्या दस्त्याला देशी पॅड बसवला असंल तर कुठला ते सांगा.