टाकीच्या काचेला भोक पाडण्याआधी

सम्पसाठी, म्हणजे पाणी गाळणाऱ्या खालच्या जोड-टाकीसाठी, माशांच्या काचेच्या टाकीला भोक पाडायचं ठरवलं, डायमंडचा होल सॉही (भोक पाडायची गोल करवत) आणून ठेवला, पण हात धजेना. काच टेम्पर्ड, म्हणजे तापवून झटपट थंड करत कडक केलेली, निघाली तर? तिच्या दोन्ही पृष्ठभागांवर दाब आणि आत ताण कोंडलेला असतो. ड्रिल आत शिरलं की अख्ख्या काचेचा चुरा.

काल टाकी रिकामी करून मागच्या काचेबाहेर लॅपटॉप ठेवला. एलसीडी पडदाच हवा, कारण त्याचा प्रकाश मुळातच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. पडदा पूर्ण पांढरा केला, पोलराइज्ड गॉगल हातात धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवला आणि मग काचेतून पाहिलं. एकसारखा काळोख! म्हणजे आत ताण नाही, साधी काच. तळ बघायला टाकी आडवी केली, तर करड्या-पांढऱ्या पट्ट्या आणि ढगांसारखे डाग लख्ख उमटले. तळ टेम्पर्ड! एकाच टाकीत दोन प्रकारच्या काचा असू शकतात, म्हणून प्रत्येक काच वेगळी तपासावीच लागते. तरी खात्रीसाठी गाडीच्या दाराच्या, म्हणजे बहुधा टेम्पर्ड असणाऱ्या, काचेवरही करून पाहिलं. तिथेही तसेच डाग.

आता भोक मागच्याच काचेला. कडेपासून निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर, सतत पाणी, मंद वेग आणि ड्रिलवर जोर अजिबात नाही. उद्या सकाळी, भरपूर उजेडात.