डोंगला आणि उज्जैन : कर्कवृत्तावर जाणार असाल तर हे वाचून जा

शून्य सावली दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली गायब होते तो दिवस, आपल्याकडे आता बऱ्यापैकी फेमस झालाय, मे महिना आला की व्हॉट्सअ‍ॅपवर गावांच्या नावांचा आणि तारखांचा तक्ता फिरायला लागतो आणि बारा-साडेबाराला लोक गच्चीवर ग्लास उपडा ठेवून फोटो काढतात. पुण्या-मुंबईला असा दिवस वर्षातून दोनदा येतो, एकदा मेमध्ये आणि परत जुलैच्या शेवटी, पण जुलैचा कोणी बघितलेला मला तरी माहीत नाही कारण तेव्हा सूर्यच दिसत नाही. कर्कवृत्तावर मात्र तो एकदाच येतो, २१ जूनच्या सुमारास, आणि तिथून वर गेलात, म्हणजे जयपूर-दिल्लीला, तर कधीच नाही. तर ती शेवटची रेघ जिथून जाते तिथे एकदा उभं राहायचं, हे मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकामुळे डोक्यात बसलं होतं. आपल्याला सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे मध्य प्रदेशातलं डोंगला, उज्जैनपासून उत्तरेला तीसेक किलोमीटर, महिदपूर तालुक्यात.

डोंगल्याला वराहमिहिर वेधशाळा आहे, २०१३ मध्ये सुरू झालेली, मध्य प्रदेशच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषदेची. घुमटाखाली २० इंची दुर्बीण आहे, बाहेर मोकळ्या आवारात शंकू (सावली मोजायचा उभा खांब), भित्ती, सम्राट अशी जुन्या पद्धतीची यंत्रं बांधलीत आणि २०२५ च्या जूनमध्ये तारांगणही झालं. ही जागा हेरल्याचं श्रेय डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांना देतात, म्हणजे भीमबेटकाची चित्रं १९५७ मध्ये शोधणारे तेच वाकणकर. नीमचला जन्मलेला, उज्जैनात राहिलेला आपला मराठी माणूस. तिकडे लोक अजून आदराने नाव घेतात, आपल्याकडे कितीजणांना माहिती आहेत देव जाणे.

आता मुख्य गोष्ट, तारीख. सगळे २१ जूनलाच जातात. त्या दिवशी मंत्री येतात, शाळेच्या बसेस येतात, शंकूयंत्राभोवती माणसांचं कडं होतं आणि मागच्याला सावलीही दिसत नाही आणि शंकूही दिसत नाही. माझा स्पष्ट सल्ला, २१ सोडून १९, २०, २२ किंवा २३ ला जा. सावलीत काही फरक पडत नाही. पुण्यात मे महिन्यात सूर्य रोज साधारण पाव अंश उत्तरेला सरकत असतो, त्यामुळे तिथे एक दिवस चुकला तर सावली लगेच डोकावते, पण जूनच्या त्या आठवड्यात सूर्य उत्तरेच्या टोकाला पोचून जवळजवळ थांबलेला असतो. दोन दिवस अलीकडे-पलीकडे गेलात तर एक मीटर उंच काठीची सावली पाव मिलिमीटरने बदलेल. पाव! पेन्सिलची रेघ त्याच्यापेक्षा जाड असते. आणि दोन-तीन दिवस हाताशी ठेवायचं खरं कारण ढग. माळव्यात जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस येऊन टेकतो, एकाच दिवसावर सगळं लावून गेलात आणि आभाळ भरलं की झालं कल्याण.

वेळ दुपारी १२ वाजून २८ मिनिटं. बारा नाही. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि डोंगला पावणेशहात्तरच्या आसपास, एका अंशाला ४ मिनिटं धरली तर सत्तावीस मिनिटं होतात आणि वर त्या दिवसांत सूर्य स्वतःच दीड-दोन मिनिटं उशिरा मध्यावर येतो. बारा वाजता पोचून "सावली तर आहे की" म्हणून नाराज होऊन परत फिरणारी एक फॅमिली आम्हाला गेटवरच भेटली, त्यांना थांबवलं.

आम्ही उज्जैनहून टॅक्सी केली होती, जायला तास-सव्वा तास धरा. रस्त्याने दोन्ही बाजूला काळी जमीन, सोयाबीनच्या पेरणीसाठी नांगरून तयार, मधेच एखादा ट्रॅक्टर. वेधशाळेच्या आवारात दुपारी सावली नाही हे वेगळं सांगायला नको (त्यासाठीच तर आलोय) पण म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना घेऊन जाणार असाल तर छत्री, टोपी, भरपूर पाणी आणि ताकाची बाटली सोबत असू द्या. जवळपास खायला काही मिळेल या भरवशावर अजिबात जाऊ नका. आणि आधी फोन करून आत सोडतात का, कोणी दाखवायला असेल का, तेवढं विचारून घ्या, ही आधी संशोधनाची जागा आहे आणि मग सहलीची.

माझा मेहुणा बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे, त्याने घरून ओळंबा आणलेला, आणि तीच सगळ्यात कामाची वस्तू ठरली. कारण कसंय, लोक बाटली ठेवतात, काठी धरतात, पण ती उभी सरळ आहे का हे कोण बघतं? काठी एक अंशाने कलली तर मीटरभर उंचीला पावणेदोन सेंटिमीटर सावली आपोआप तयार होते आणि मग आपण म्हणतो बरोबर जुळलं नाही. आम्ही कॅमेऱ्याच्या तिवईला ओळंबा टांगला, खाली फरशीवर पांढरा कार्डशीट. सव्वाबारापर्यंत दोरीची सावली पश्चिमेकडून आखडत येत होती, मग एक मोठा ढग आला आणि सगळे गप्प, मेहुणा "दाजी, तिवईला हात लावू नका, वारा पण नको आणि तुम्ही पण नको" असं दम देत बसला. बारा पंचवीसला ऊन आलं. दोरीची सावली ओळंब्याच्या पितळी गोळ्याखाली शिरली आणि गोळ्याची सावली बरोब्बर त्याच्या खाली, कार्डशीटवर एक गोल डाग, कडा जराशा धुरकट. धुरकट कडा का, तर सूर्य म्हणजे ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, तिचा एकेक भाग वेगवेगळ्या कोनातून ऊन टाकतो. पोरगी म्हणाली एवढंच? हो, एवढंच. पण मग तिनेच पंधरा मिनिटं उकिडवं बसून डाग पूर्वेकडे कसा निघाला त्याच्यावर पेनाने खुणा केल्या.

या अर्ध्या अंशाच्या थाळीमुळे अजून एक गंमत होते. उज्जैन शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला पाव अंशावर आहे, म्हणजे २१ जूनला तिथे सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो आणि एक मीटर काठीची सावली पडते फक्त चार-पाच मिलिमीटर, तीही दक्षिणेला. ती त्या धुरकट कडेतच हरवते, नुसत्या डोळ्याने सावली गायबच. त्यामुळे ज्यांना डोंगल्यापर्यंत जायला जमत नाही त्यांनी हॉटेलच्या गच्चीवर बघितलं तरी नव्व्याण्णव टक्के काम होतं. उज्जैनचे खरे शून्य सावलीचे दिवस दोन, १२-१३ जूनच्या आसपास आणि परत ३० जूनच्या आसपास.

आता एक गोष्ट जी तुम्हाला टॅक्सीवाला सांगेल, हॉटेलवाला सांगेल, बातमीत पण वाचायला मिळेल, की पूर्वी कर्कवृत्त उज्जैनवरून जायचं आणि आता ते सरकत सरकत डोंगल्याला गेलं. ऐकायला छान आहे पण दिशा उलटी आहे. पृथ्वीच्या अक्षाचा कल सध्या हळूहळू कमी होतोय आणि त्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी साधारण १४-१५ मीटर दक्षिणेला सरकतंय. वेधशाळेला ज्याचं नाव दिलंय त्या जुन्या ज्योतिषी वराहमिहिराच्या काळी, सहाव्या शतकात, ही रेघ आजच्यापेक्षा वीसेक किलोमीटर उत्तरेला होती, म्हणजे उज्जैनपासून आजच्यापेक्षा लांब. ती उज्जैन सोडून गेलेली नाही, उज्जैनकडे येतेय, आणि याच वेगाने आली तर पोचायला अजून दोन हजार वर्षं लागतील. वर चंद्रामुळे साडेअठरा वर्षांच्या चक्रात ती पावणेतीनशे-तीनशे मीटर मागेपुढे डुलते ती वेगळीच. तेव्हा जमिनीवर रंगवलेली रेघ कुठेही दिसली तरी एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो खुशाल काढा, फक्त रेघ तिथेच आहे असं समजू नका. पूर्वीच्या ज्योतिषांनी हा कल सरळ २४ अंश धरला होता आणि लंका-उज्जैन-कुरुक्षेत्र ही मध्यरेषा मानली होती. उज्जैनचं महत्त्व त्या उभ्या रेषेमुळे आहे, ते कमी थोडंच आहे, मग आडवी रेघ ओढूनताणून कशाला आणायची.

उज्जैनात जंतरमंतर अजिबात चुकवू नका, क्षिप्रेच्या काठाजवळ, तिकीट किरकोळ. आमच्या मते डोंगल्यापेक्षा इथे जास्त वेळ द्यावा. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पहिल्या भागात बांधलेली वेधशाळा, पुढे पडझड झाली, मग १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली आणि ते काम बघितलं गोविंद सदाशिव आपट्यांनी. जयपूरची यंत्रं अवाढव्य आहेत, इथली लहान, पण म्हणूनच जवळ जाऊन वाचता येतात. सकाळी नऊच्या आत जा. सम्राट यंत्राच्या तिरप्या भिंतीची सावली सकाळी पश्चिमेच्या कमानीवर पडते, तिच्यावरून वेळ वाचायची आणि तिथे लावलेल्या तक्त्यातली मिनिटं मिळवायची की आपली घड्याळातली वेळ येते, पोरांकडून हे करून घ्या, मोबाइलशी जुळलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. नाडीवलय यंत्राला (हेही सावलीवरून वेळ दाखवणारं, पण गोल तबकडीचं) दोन तोंडं आहेत, जूनमध्ये उत्तरेकडच्या तोंडावर ऊन असतं, दिवाळीनंतर गेलात तर दक्षिणेकडच्या. भित्ती यंत्रावर दुपारी सूर्य डोक्यापासून किती अंश ढळलाय ते मोजतात, मघाशी सांगितलेला तो पाव अंश याच भिंतीचा विषय. गाइड घ्यायचा असेल तर घ्या, पण आम्हाला मिळालेल्याने निम्मा वेळ राशिभविष्यात घालवला. आवारातच २०२४ मध्ये उद्घाटन झालेलं वैदिक घड्याळ आहे, उंच टॉवरवर, सूर्योदय ते सूर्योदय ३० मुहूर्त दाखवणारं, ते बघायला दोन मिनिटं पुरतात.

जायचं कसं, मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस रात्रीची बसलात की सकाळी उज्जैन, पुण्याकडून दौंड-इंदूर गाडी. विमानाने इंदूर आणि तिथून तास-दीड तास रस्ता. २०२८ चा सिंहस्थ डोक्यावर असल्याने शहरात खोदकाम आणि रुंदीकरण जोरात आहे, त्यामुळे कुठेही जाताना अर्धा तास जास्तीचा धरा. शनिवार-रविवार आणि सोमवार टाळा, महाकालाच्या गर्दीमुळे हॉटेलचे रेट वाट्टेल तसे चढतात. भस्मआरती करायची असेल तर बुकिंग आधीच करून ठेवा आणि ती डोंगल्याच्या दिवशी अजिबात ठेवू नका, मध्यरात्री उठून दुपारी साडेबाराच्या उन्हात उभं राहणं झेपत नाही, आमच्या ग्रुपमधले दोघं टॅक्सीतच झोपून राहिले आणि बारा अठ्ठावीसला घोरत होते.

भोपाळ-सांचीकडे जाणार असाल तर भोपाळ-विदिशा रस्त्यावर सांचीच्या थोडं अलीकडे कर्कवृत्ताची खूण लागते, तिथे फोटोपुरतं थांबा, त्यापलीकडे काही नाही.

आणि दुर्बिणीतून काही बघायची आशा जूनमध्ये ठेवू नका, आभाळ साथ देत नाही. त्यासाठी डिसेंबर-जानेवारी बरा, थंडी चांगलीच असते, स्वेटर लागतो, आणि दुपारी तोच ओळंबा लावून बघा, २२ डिसेंबरला एक मीटरच्या काठीची सावली एक मीटर सात सेंटिमीटर पडते, काठीपेक्षा लांब. आम्ही जूनचा कार्डशीट खुणांसकट गुंडाळून ठेवलाय, पुढची चक्कर डिसेंबरात मारायचा विचार आहे, सुट्टी मिळाली तर.