कूलरनं झाकलेली खिडकी

१२ मे, नागपूर

हे सुट्टीवर आले की पहिले काही दिवस यांची रात्र आणि दिवस उलटे. रात्री दोनला उठून दाराची कडी तपासतात, गच्चीवर फेरी मारून येतात आणि दुपारी जेवताना पेंगतात. "झोप नाही लागून राहिली का रे बाबू?" सासूबाई विचारतात. "लागते ना, आई." संपलं! फौजी माणसाकडून याहून जास्त कोणी काढून दाखवावं.

यंदा मला घराचाच संशय आला. आपल्याकडे होळी झाली की घर बंद. पूर्वेच्या खिडकीत कूलर, फटींत कोंबलेला पुठ्ठा, उरलेल्या काचेवर वर्तमानपत्र, गॅलरीला हिरवी जाळी. पारा ४५ वर गेल्यावर दुसरं करणार काय? पण सकाळी दहालाही ट्यूबलाइट लावावी लागते. महिनोन्महिने रात्रीची सेंट्री ड्यूटी केलेला माणूस घरी येऊन पुन्हा अंधारातच बसतो.

शरीरातल्या घड्याळाला वेळ कळते ती डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. (या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.) सकाळचा उजेड मिळाला की झोप आणणारं मेलाटोनिन ओसरतं आणि रात्री ते वेळेवर वाढतं. घरातल्या दिव्याचा उजेड काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक), भर उन्हातला लाखाच्या घरात. झोप बिघडली की चिडचिड, उदासपणा आलाच. अर्थात मनात साठलेलं सगळं खिडकी उघडून जात नाही. त्यासाठी मिलिटरी हॉस्पिटलात डॉक्टर असतात, आणि तिथं जायला लाजायचं काही कारण नाही.

कामठीला क्वार्टरमध्ये होतो तेव्हा पुढे रुंद व्हरांडा, भिंतीत उंचावर रोशनदान. ऊन बाहेरच थांबायचं, उजेड तेवढा आत यायचा. फ्लॅटमध्ये आपण दोघांनाही एकदमच हाकलतो.

मे महिन्यात इथं साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि आठपर्यंत ऊन सोसवतं. तेवढा वेळ पुरे. म्हणून परवापासून यांचा चहा गॅलरीत, जाळी गुंडाळून. आज हे स्वतःच खुर्ची घेऊन गेले, समोरच्या कडुनिंबावरच्या पोपटांवर काहीतरी बोलले. रात्री गच्चीवरची फेरी मात्र झालीच.

आता कूलर उत्तरेच्या खिडकीत न्यायचा आहे. स्टँड तिथं बसत नाही, वेल्डर रविवारी येतो म्हणाला. सासूबाईंचं म्हणणं, भर उन्हाळ्यात कूलर कोणी हलवते का!